इंटर्व्हलपर्यंतचे नाना

पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत उभं राहून नुसती 'ओ नाना' अशी हाक मारली, तरी कांद्याच्या रांगेतले निम्मे लोक मागे वळून बघतात. त्यामुळे मी लिहितोय ते नाना नेमके कोणते, हे कळायची सोय नाही, आणि नाही तेच बरं. पन्नाशी गाठलेली, चार एकर द्राक्षबाग, हंगामात थोडे टोमॅटो, थोडा उन्हाळ कांदा, वरच्या खिशात तडा गेलेला मोबाईल आणि मार्च १९९२ची दहावी. यातली दहावी ते स्वतःच सांगतात. नवीन माणूस भेटला की आधी बॅच, मग गाव, आणि आडनाव विचारलं तरच.

कुणाला तंबाखू लागते, कुणाला दुपारची झोप लागते. नानांना शाळेचा सिनेमा लागतो. मारामारी नको, भुताटकी नको, देवाधर्माचा तर अजिबात नको. एक वर्ग हवा, त्यात दोन वेण्यांची एक मुलगी हवी, तिच्याकडे बघणारा एक मठ्ठ मुलगा हवा, आणि त्या मुलाला चुकीचे सल्ले देणारे दोन-तीन मित्र हवेत. एवढं असलं की नानांना कथा लागत नाही.

हे सुरू झालं जानेवारी २०१२मध्ये. मिलिंद बोकिलांच्या कादंबरीवरचा सुजय डहाकेचा 'शाळा' नाशिकला लागला आणि नाना चार वर्गमित्रांना पिकअपमध्ये घालून बघायला गेले. बाहेर आले ते डोळे पुसत. म्हणाले, "ही आपलीच शाळा आहे भो. कुणीतरी सांगितलंय त्या माणसाला." आता 'शाळा'चा काळ आणीबाणीचा. आणीबाणी लागली तेव्हा नानांचा पाळणाही हलायला लागला नव्हता. सिनेमातल्या मुलांच्या घरी राजकारणावर बोलणं चालतं. नानांच्या घरी बोलणं चालायचं ते विहिरीची मोटार जळली तर कुणाची आणायची यावर. सिनेमातले मास्तर, शहर, गल्ली, यातलं काही म्हणता काही जुळत नव्हतं. हे सगळं मी एकदा समोर मांडलं, तर नाना शांतपणे म्हणाले, "ते सोड. जोश्या शिरोडकरकडे बघतो कसा, ते सांग." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. 'शाळा'तला जोश्या त्याच्या वर्गातल्या शिरोडकरकडे बघतो तसं आपण सगळेच बघत होतो.

तेव्हापासून नाना स्वतःच्या वर्गात जिच्याकडे बघायचे त्या मुलीचं नाव 'शिरोडकर' पडलं. खरं आडनाव निफाड तालुक्यातलं चांगलं वजनदार, पण नाना ते उच्चारत नाहीत. "आमची शिरोडकर" म्हणतात. 'आमची' म्हणायला दहावीच्या वर्षात त्यांचं तिच्याशी एक वाक्य झालेलं आहे. ती म्हणाली होती, "सरका."

उन्हाळ कांद्याच्या दिवसांत एकदा मी नानांबरोबर बाजार समितीत होतो. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, पुढे पिकअप, मागे पिकअप. नानांनी मोबाईल स्टिअरिंगच्या दांडीला रबराने बांधला होता आणि त्यावर 'शाळा' चालू होता, बहुधा पंधराव्यांदा. आवाज नव्हताच, संवाद पाठ आहेत. शिरोडकर वर्गात शिरायला आणि व्यापाऱ्यांचा घोळका नानांच्या ट्रॉलीशी पोचायला एकच गाठ पडली. एकाने कांदा उचलला, दाबला, उलटा करून बूड बघितलं, परत टाकला. दुसऱ्याने कोपरापर्यंत हात घालून खालचा माल वर काढला. पुकारा झाला, नऊशेपासून चढत अकराशे एक्कावन्नवर येऊन थांबला, कुणीतरी चिठ्ठी नानांच्या हातात कोंबली आणि घोळका पुढच्या ट्रॉलीला भिडला. सगळा मिळून अर्धा मिनिट. चार महिन्यांच्या पिकाचा निकाल लागला तेव्हा नानांचा अंगठा पॉजच्या खुणेवर होता. घोळका हलताच त्यांनी तो उचलला आणि शिरोडकर बाकावर जाऊन बसली.

"नाना, भाव परवडला का?"

"थांब जरा, आता ती बघणार आहे."

मी तेव्हा हसलो होतो, पण नानांची ओढ मला त्या रांगेत जितकी कळली तितकी कुठल्याही समीक्षकाच्या लेखात कळली नाही. या माणसाच्या आयुष्यात जे काही मोठं घडतं, ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून जाहीर होतं. कांद्याचा भाव पुकारणारा सांगतो, द्राक्षाचा व्यापारी सांगतो, गारा पडणार की नाही ते हवामान खातं सांगतं, निर्यात चालू की बंद ते दिल्ली सांगते. शाळेच्या सिनेमात मात्र दिवसभरात एकच गोष्ट घडते: ती वळून बघते किंवा बघत नाही. यात कुणाची अडत नाही, तोलाई नाही, खळ्यावर गाडी खाली केल्यावर निघणारा वांधा नाही. आणि बघितलं नाही तर उद्या शाळा असतेच.

नानांची खरी करामत मात्र पुढे आहे. ते कुठलाही सिनेमा शेवटपर्यंत बघत नाहीत. इंटर्व्हलला उठतात.

पहिल्यांदा मला वाटलं, तल्लफ आली असेल. मग लक्षात आलं की हे धोरण आहे. 'सैराट' २०१६च्या उन्हाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राने बघितला; नानांनी अर्धा बघितला, पण अनेकदा. विहिरीतली उडी झाली, उसातली भेट झाली, झिंगाट झालं, की नाना चपला शोधायला लागायचे. त्यांच्या हिशोबाने आर्ची आणि परश्या अजून करमाळ्यालाच आहेत आणि परश्याचा अभ्यास जरा मागे पडलाय. 'टाइमपास'मधला दगडू दहावीत गटांगळ्या खातो आणि प्राजक्ताच्या मागे फिरतो, तिथवर नाना त्याच्याबरोबर असतात. प्राजक्ताच्या वडिलांचा पारा चढायला लागला की त्यांना आठवतं की बागेत ड्रिप चालू राहिलंय. 'बालक-पालक' तेवढा त्यांनी पूर्ण बघितला, तोही नाइलाजाने. सहकुटुंब गेले होते, विषय काय आहे ते आत गेल्यावर कळलं, आणि उठलं तर लोक बघतील म्हणून कुणीच उठलं नाही. एका रांगेत बसून सगळ्यांनी दोन तास एकमेकांकडे न बघण्याचा विक्रम केला.

'फँड्री'चं सांगायला जड जातं. जब्या शालूकडे बघतो, काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो, जीन्सची पँट हवी म्हणून झुरतो, हे नानांना इतकं आवडलं की त्यांनी मित्रांना फोन करून सांगितलं, "मस्त पिक्चर आहे, हलकाफुलका." त्या सिनेमाच्या शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट पडद्यातून बघणाऱ्याच्या अंगावर येतो. तो नानांना लागला नाही. ते आधीच उठले होते.

यात नानांना एकट्याला नावं ठेवता येणार नाहीत. आपल्याकडचा शाळेचा सिनेमा विनोदी म्हणून सुरू होतो आणि इंटर्व्हलनंतर त्याला जात आठवते, बाप आठवतो, बदली आठवते. 'दहावी फ' (२००२) तर तुकडीपासूनच सुरू होतो: हुशारांची अ, उरलेल्यांची फ. नाना स्वतः तुकडी 'ड'चे. तो सिनेमा बघून म्हणाले, "फ पर्यंत तुकड्या होत्या म्हणजे मोठी शाळा दिसतेय." बाकी मुद्दा त्यांनी जाऊ दिला. अलीकडचा 'आत्मपॅम्फ्लेट' तेवढा जातीचं सगळं सांगूनही हसवत राहतो. तो मी नानांना मुद्दाम दाखवला. अर्ध्यात उठले आणि म्हणाले, "छान आहे, पण हा माणूस मधूनमधून आपल्याला टोचतोय असं वाटतं."

नानांचा मुलगा नाशिकला इंजिनिअरिंगला आहे. त्याने बापाची आवड ओळखून दिवाळीच्या सुट्टीत लॅपटॉपवर अमेरिकेतले शाळेचे सिनेमे लावून दिले. पहिला 'द ब्रेकफास्ट क्लब', १९८५चा. पाच मुलं, शिक्षा म्हणून शनिवारी शाळेत बोलावलेली, दिवसभर लायब्ररीत बसवून ठेवलेली. नानांना गोष्ट पटेना. "शनिवारी शाळेत यायचं ही शिक्षा? आम्ही सगळेच यायचो. सकाळची असायची." थोड्या वेळाने, "आणि लायब्ररीत डांबलंय म्हणे! आमच्या लायब्ररीच्या कपाटाची किल्ली शिपायाकडे, शिपाई रजेवर. कुणी डांबायचं म्हटलं असतं तरी जमलं नसतं."

दुसरा होता 'फेरिस ब्युलर्स डे ऑफ'. शाळा बुडवून मित्राच्या बापाची महागडी फेरारी शहरभर फिरवतात, आणि नंतर चाललेले किलोमीटर कमी करायला गाडी जॅकवर उचलून उलटी पळवतात. आकडा काही खाली येत नाही. या प्रसंगाला नाना मांडी मोडून पुढे सरकले. चित्रपट-संस्कृतीवर मी भरपूर वाचलंय, पण या दृश्यावरचं इतकं नेमकं भाष्य कुठे वाचलेलं नाही: "येडे आहेत का? मीटरची वायर आधी काढून ठेवायची असते." एका चैत्रात बापाची राजदूत फटफटी घेऊन हा माणूस गुपचूप वणीच्या यात्रेला जाऊन आला होता. मीटरची वायर काढलेली, टाकीत नेमकं गेलं तेवढं पेट्रोल परत घातलेलं. बापाला तरी कळलंच, कारण सीटखाली प्रसादाच्या लाह्या सापडल्या.

गंमत अशी की हे अमेरिकन सिनेमे नानांनी शेवटपर्यंत बघितले. उठायची वेळच आली नाही. तिकडे शाळा संपली की पोरं गाडी काढून कुठेतरी जातात. आपल्याकडे शाळा संपली की निकाल लागतो. हा फरक दिग्दर्शकांच्या कुवतीचा नव्हे. चित्रपटाचा धंदा आपल्या देशात ज्यांनी उभा केला ते दादासाहेब फाळके आमच्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकचे, त्यामुळे कुवतीबद्दल आम्ही ऐकून घेत नाही.

सिनेमा बघून बघून नानांना स्वतःचा सिनेमा काढायची हुक्की आली. कॅमेरा नव्हता म्हणून त्यांनी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. 'दहावी ९२ – एक कुटुंब'. ॲडमिन नाना. सुरुवातीला सगळे मुलगेच होते आणि जे काही चालायचं ते इथे छापण्यासारखं नाही. मग एक दिवस पहिली मुलगी ग्रुपमध्ये आली. मुलगी म्हणजे एका मुलीची सासू. रातोरात ग्रुपवर सुविचार सुरू झाले. ओझरच्या विमान कारखान्यात असलेल्या एका महाभागाने तर रोज पहाटे सूर्योदयाचा फोटो टाकायला घेतला. हा प्राणी शाळेत पहिल्या तासाला कधी सापडला नव्हता.

हळूहळू साठेक जण जमले. दोन-तीन नावं राहिली. हजेरीपटात ती होती, शेवटच्या बाकाच्याही मागे, भिंतीला टेकून बसायची. "त्यांचा नंबर कुणाकडेच नाही," नाना सांगतात. नंबर सोडा, ती मुलं शाळा सुटल्यावर कुठल्या वाटेने घरी जायची तेही कुणाला सांगता येईना. ग्रुपचं नाव 'एक कुटुंब' आहे ते आहेच.

ग्रुप झाला की स्नेहमेळावा आलाच. तारखेवर जो खल झाला तो संयुक्त राष्ट्रांतही होत नसेल. जानेवारी ते मार्च द्राक्षाचा खुडा, व्यापारी दारात, घर सोडता येत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, शिवाय कांदा चाळीत भरायचा. मे महिना लग्नांचा. जूनमध्ये पेरणी. जुलैत टोमॅटोची लागवड, मग बांबू, तारा, सुतळ्या. सप्टेंबरपासून दिवसाआड तोडा, क्रेट भरा, मार्केटला पळा. ऑक्टोबरमध्ये बागेची गोडी छाटणी, आणि त्यानंतर डावणी रोगाच्या धास्तीने माणूस सकाळ-संध्याकाळ पानं उलटी करून बघत असतो, त्याला शाळा कुठली आठवते. मुंबईत नोकरी करणारा एक जण म्हणाला, "अरे, एखादा रविवार काढा ना." त्याला सगळ्यांनी मिळून गप्प केलं. शेवटी डिसेंबरातला एक रविवार ठरला, महामार्गाच्या कडेच्या एका लॉन्सवर. त्या दिवशी लग्नाची तिथी नव्हती म्हणून भाडं निम्मं.

नानांनी हुकूम काढला, गणवेशात यायचं. मुलगे निमूटपणे पांढरे शर्ट घालून आले. बटणं पोटाशी जीव धरून होती. मुलींनी साफ नकार कळवला. येवला तासाभरावर असताना पैठणी सोडून निळी-पांढरी साडी कोण नेसणार? प्रार्थना झाली. हजेरी झाली. गणिताच्या सरांना शाल-श्रीफळ दिलं आणि मग एकेक जण माईकवर येऊन, सरांच्या छडीमुळे आपण कसे घडलो, ते सांगू लागला. सर नव्वदीला टेकलेले. सातव्या-आठव्याला त्यांनी हाताने थांबवलं आणि विचारलं, "तू कोण? मला काही तुला मारल्याचं आठवत नाही." तो बिचारा हिरमुसला. इतकी वर्षं ती छडी मिरवत होता.

शिरोडकर आली होती. कोपरगावला दिलेली, मुलं मोठी झालेली, चष्मा, हसरी. नाना १९९२पासून जे वाक्य जुळवत होते ते घेऊन पुढे झाले. मी शेजारीच होतो, पाण्याचा ग्लास धरून.

"ओळखलंत का?"

तिने निरखून बघितलं. "तुम्ही ते ना, ज्यांच्या सायकलची चेन पडायची?"

"नाही, तो वेगळा. मी तुमच्या मागे बसायचो. तिसऱ्या बाकावर."

"मागे?" ती खळखळून हसली. "मागे बघायची सोय होती का तेव्हा? मान जरा वळली की बाई उभं करायच्या. तुम्हा पोरांना पुढे बघितलं की आम्ही दिसायचो. आम्हाला फळाच दिसायचा."

नाना काही बोलले नाहीत. ती मात्र बोलायला लागली, अगदी सहज, जेवणाच्या रांगेत बोलावं तसं. परीक्षा संपली आणि मे महिन्यात लग्न झालं. निकाल जूनमध्ये लागला तेव्हा ती सासरी होती. चौऱ्याहत्तर टक्के. भाऊ चिठ्ठी घेऊन आला, ती सासूबाईंनी देवापुढे ठेवली, आणि संध्याकाळी भाकरी टाकायची वेळ झाली. "पेढे वाटायचे राहूनच गेले," ती म्हणाली. नानांना बावन्न टक्के पडले होते, आणि त्यांच्या वडिलांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते.

नाना जेवायला थांबले नाहीत. टोमॅटोला पाणी सोडायचंय म्हणाले. टोमॅटोचा प्लॉट त्यांनी दिवाळीतच मोडून टाकला होता.

थांबल्या त्या वहिनी. वहिनींबद्दल आधीच सांगायला हवं होतं, पण नानांच्या गोष्टीत वहिनी नेहमी अशा उशिराच येतात. नाना इंटर्व्हलला उठतात तेव्हा वहिनी उठत नाहीत. त्या सगळे सिनेमे शेवटपर्यंत बघतात, भाकऱ्या थापता थापता, कधी एका डोळ्याने, पण शेवटपर्यंत. वाचनालयातून आणून 'शाळा' कादंबरीही त्यांनीच वाचली आहे. नानांनी फक्त मुखपृष्ठ बघितलंय. 'सैराट'चा शेवट घरात एकट्या वहिनींना माहीत आहे आणि तो त्यांनी नवऱ्याला आजतागायत सांगितलेला नाही. "कशाला उगाच," म्हणतात.

त्या रविवारी वहिनी आणि शिरोडकर, दोघी पंगत उठल्यावरही लॉन्सवर खुर्च्या ओढून दिवेलागणीपर्यंत बोलत बसल्या होत्या. आता दोघींचे फोन असतात. परवा मी घरी गेलो तर नाना सोफ्यावर आडवे, समोर जोश्या शिरोडकरकडे बघतोय. वहिनी द्राक्षाच्या विरळणीच्या कात्र्यांना तेल लावत बसल्या होत्या. मान वर न करता त्यांनी मला विचारलं, "भाऊजी, तुम्ही लिहिता-वाचता. ती पोरगी पुढे गेली कुठे, तिचं काय झालं, असं कुणी काढलंय का हो? सगळे पिक्चर त्याच्याच बाजूने. तिला एकदा तरी मागे वळून बघू द्या की."

नाना म्हणाले, "मग तो शाळेचा पिक्चर राहणार नाही."

"का? ती शाळेत नव्हती का?"

तेव्हा ही मराठी निर्मात्यांना विनंती. शिरोडकरच्या बाकावरून दिसणारी शाळा एकदा काढा. विनोदीच काढा, वहिनी आणि त्यांची कोपरगावची मैत्रीण त्या शाळेच्या गोष्टी सांगून किती हसतात ते मी ऐकलंय, नानांना कधी तितकं हसताना ऐकलेलं नाही. पिंपळगावातून दोन तिकिटं नक्की धरा. तिसरं नानांचं, आणि त्यांच्यासाठी एक मेहरबानी करा: मध्ये इंटर्व्हल ठेवू नका.